लांबच्या प्रवासाला कोणता म्युझिक प्लेयर? हा प्रश्न पडलेल्या ७० वर्षांच्या इंजिनिअरची गोष्ट

महिना-दोन महिन्यांच्या प्रवासाला निघायचं असेल, तर गाणी ऐकायला फोन पुरेल की वेगळा म्युझिक प्लेयर घ्यावा? हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. आज मी मॉडेलची यादी देणार नाही. त्याऐवजी अशा एका माणसाबद्दल सांगतो, ज्याला नेमका हाच प्रश्न पडला होता. तेव्हा दुकानात त्याच्या कामाचं एकही यंत्र मिळत नव्हतं, म्हणून त्याने ते बनवून घेतलं. त्याचं नाव मासारू इबुका आणि त्याच्या कंपनीचं नाव सोनी. ही गोष्ट कळली की प्लेयर कसा निवडायचा हेही आपोआप कळतं, असं मला वाटतं.

कोण होते मासारू इबुका?

इबुकांचा जन्म ११ एप्रिल १९०८ रोजी जपानमधल्या निक्को इथे झाला. ते अगदी लहान असतानाच वडील गेले आणि बालपणातली काही वर्षं आजोबांकडे गेली. पुढे टोकियोच्या वासेदा विद्यापीठात ते इंजिनिअरिंग शिकले. विद्यार्थी असतानाच त्यांनी निऑन दिव्यांवर एक शोध लावला आणि त्याला पॅरिसच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. गंमत बघा, एवढं असूनही एका मोठ्या वीज-उपकरण कंपनीच्या प्रवेश परीक्षेत ते नापास झाले. मग त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर प्रक्रिया करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या एका संशोधन समितीत त्यांची ओळख अकिओ मोरिता या तरुण अधिकाऱ्याशी झाली. मोरिता त्यांच्यापेक्षा जवळजवळ १३ वर्षांनी लहान. ही जोडी पुढे आयुष्यभर टिकली.

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा टोकियो बेचिराख झालेलं होतं. निहोनबाशी भागातल्या शिरोकिया डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत एक खोली घेऊन इबुकांनी रेडिओ दुरुस्तीचं काम सुरू केलं. त्यांनी विजेवर भात शिजवणारा कुकरही करून पाहिला. लाकडी बादली आणि तळाला अॅल्युमिनियमचे इलेक्ट्रोड, असा तो प्रकार! भात कधी कच्चा राहायचा, कधी गिचका व्हायचा. तो काही चालला नाही. ७ मे १९४६ ला इबुका आणि मोरिता यांनी रीतसर कंपनी काढली. भांडवल १,९०,००० येन, माणसं वीसेक. याच कंपनीचं नाव १९५८ मध्ये सोनी झालं.

४५ किलोचा टेप रेकॉर्डर

एकदा इबुकांनी अमेरिकी अधिकाऱ्यांकडे टेप रेकॉर्डर पाहिला आणि आपणही हेच बनवायचं असं ठरवलं. पण युद्धानंतरच्या जपानमध्ये टेपसाठी प्लास्टिक मिळत नव्हतं. मग कागदाची पट्टी घेतली. त्यावर लावायची चुंबकीय पूड त्यांचे सहकारी नोबुतोशी किहारा यांनी चक्क तव्यावर रसायन भाजून तयार केली, आणि ती ब्रशने हाताने कागदावर लावली.

१९५० मध्ये या कंपनीने जपानचा पहिला टेप रेकॉर्डर बाजारात आणला. वजन सुमारे ४५ किलो! यंत्र चांगलं होतं, पण घेणार कोण? सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे न्यायालयं, कारण तिथे साक्षी-पुरावे लिहून घ्यायला माणसं कमी पडत होती. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळांना परवडेल आणि उचलता येईल असं, सुमारे १३ किलोचं मॉडेल काढलं. एका वर्षात ४५ वरून १३ किलो. इबुकांच्या पुढच्या आयुष्यातही मला हेच दिसत राहतं: यंत्र बनवायचं, आणि मग त्याला माणसाच्या जवळ, आणखी जवळ आणायचं.

खिशातला रेडिओ

१९५२ मध्ये इबुका अमेरिकेला गेले. तिथे बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरचा परवाना मिळतोय असं त्यांना कळलं. परवान्याची किंमत होती २५,००० डॉलर. छोट्या जपानी कंपनीसाठी ही जीव काढणारी रक्कम. त्यात परवाना देणाऱ्या अमेरिकी कंपनीचं म्हणणं असं, की हा ट्रान्झिस्टर श्रवणयंत्रांसाठी ठीक आहे. इबुकांनी मात्र रेडिओ बनवायचं ठरवलं. १९५५ मध्ये जपानचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, टीआर-५५, बाजारात आला. १९५७ मध्ये आलेला टीआर-६३ खिशात मावणारा म्हणून विकला गेला. खरं तर नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा तो किंचित मोठा होता. म्हणून मोरितांनी आपल्या विक्रेत्यांना मोठ्या खिशाचे शर्ट शिवून दिले!

विमानातला प्रश्न

आता येऊ आपल्या मुद्द्यावर. १९७६ मध्ये इबुका कंपनीचे मानद अध्यक्ष झाले. रोजचा कारभार सुटला, पण परदेशी प्रवास चालूच होते. टोकियोहून अमेरिका म्हणजे पॅसिफिक ओलांडायचा, तासन् तास विमानात बसायचं. इबुकांना शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताचं वेड. ते सोबत सोनीचाच टीसी-डी५ हा कॅसेट रेकॉर्डर न्यायचे. आवाज उत्तम, पण वजन दीड किलोहून जास्त, आणि वर मोठे हेडफोन. सत्तरीच्या माणसाने हे ओझं किती दिवस वागवायचं?

त्याच वेळी सोनीकडे प्रेसमन नावाचा छोटा रेकॉर्डर होता. पत्रकार मुलाखती घ्यायला तो वापरत. तो हातात मावायचा, पण मोनो होता. एका अमेरिका दौऱ्याआधी इबुकांनी कंपनीतले वरिष्ठ अधिकारी नोरिओ ओगा यांच्याकडे मागणी केली: प्रेसमनमधून रेकॉर्डिंग काढून टाका आणि स्टिरिओ ऐकायची सोय करा. कोझो ओसोने यांच्या टीमने तसं यंत्र जुळवून दिलं. इबुकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते मोरितांना ऐकायला लावलं.

मोरितांच्या लगेच लक्षात आलं, की हे एका म्हाताऱ्या प्रवाशाचं खेळणं नाही, दिवसभर गाण्यात राहू पाहणाऱ्या तरुणांना हेच हवंय. पण कंपनीतच विरोध होता. रेकॉर्ड न करणारा टेप रेकॉर्डर कोण घेणार, ही शंका तेव्हा अगदी रास्त होती. ३०,००० नग खपले नाहीत तर अध्यक्षपद सोडतो, असं सांगून मोरितांनी आपली खुर्ची पणाला लावली.

काम काही महिन्यांत पुरं केलं गेलं, कारण उन्हाळी सुट्टीच्या आधी ते विद्यार्थ्यांच्या हातात पडायला हवं होतं. १ जुलै १९७९ ला वॉकमन टीपीएस-एल२ दुकानांत आला. किंमत ३३,००० येन, वजन ३९० ग्रॅम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सोबतचे हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचे, जेव्हा नेहमीचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असत. दोघांना ऐकता यावं म्हणून दोन जॅक, आणि कानातलं न काढता एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक केशरी बटण.

पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० नग विकले गेले. मग कंपनीचे तरुण कर्मचारी वॉकमन लावून टोकियोच्या रस्त्यांवर, गाड्यांमध्ये फिरू लागले आणि लोकांच्या कानाला लावून ऐकवू लागले. ऑगस्टअखेर सगळा साठा संपला. पुढे कॅसेटवाले वॉकमन जगभरात २० कोटींहून जास्त विकले गेले. इबुका १९ डिसेंबर १९९७ रोजी वारले, वयाच्या ८९ व्या वर्षी.

मग आपण काय घ्यायचं?

इबुकांनी यंत्रात काहीच वाढवायला सांगितलं नव्हतं असं नाही. स्टिरिओ आवाज त्यांना हवाच होता. पण त्यांचा पहिला विचार होता, की प्रवासात काय लागत नाही? मी प्लेयर बघतो तेव्हा याच नजरेने बघतो.

१. फोनवर किती भार टाकताय? प्रवासात तिकीट, नकाशा, यूपीआय, ओटीपी, सगळं फोनवरच असतं. गाण्यांनी बॅटरी संपली तर फक्त गाणी बंद होत नाहीत, तुम्ही अडकता. वेगळ्या प्लेयरचा खरा फायदा हा आहे. आवाजाचा दर्जा मी त्यानंतर बघतो.

२. गाणी यंत्रातच हवीत. स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली गाणी टिकवायला ३० दिवसांतून निदान एकदा ऑनलाइन यावं लागतं, आणि प्रीमियम संपलं की ती वाजत नाहीत. स्वतःच्या फाइल्सना अशी अट नसते. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला तासाला साधारण १४४ एमबी लागतात. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात ४०० तासांहून जास्त गाणी. फ्लॅक फाइल्स घेतल्या तर जागा दोन-तीन पट लागेल. म्हणून मेमरी कार्डाचा स्लॉट आहे का ते आधी बघा.

३. चार्जिंग कशाने? वॉकमनला कुठल्याही दुकानात मिळणारे सेल चालायचे. आजचा पेन्सिल सेल म्हणजे यूएसबी-सी. स्वतःची वेगळीच केबल लागणारा जुना प्लेयर स्वस्तात मिळाला तरी लांबच्या प्रवासाला नको.

४. वायर की ब्लूटूथ? ब्लूटूथने प्लेयरची बॅटरी लवकर उतरते आणि इअरबड्स वेगळे चार्ज करायची कटकट वाढते. ३.५ मिमीचा जॅक असलेला प्लेयर आणि साधे वायरचे इअरफोन प्रवासात भरवशाचे.

५. बटणं आहेत का? गर्दीत उभं राहून, खिशातच हात घालून गाणं बदलता आलं पाहिजे.

६. वजन सगळ्याचं मोजा. प्लेयर, हेडफोन, केबल, सगळं एकत्र. सोनीने वॉकमनसोबत हेडफोनही हलके केले, ते उगाच नाही.

नवीन काही घ्यायचं नसेल तर इबुकांचाच मार्ग आहे: हाताशी असलेल्या यंत्रातून नको ते काढा. कपाटात जुना फोन पडला असेल तर तो रीसेट करा, सिम काढा, फ्लाइट मोडवर ठेवा, ऑफलाइन म्युझिक अॅप आणि फाइल्स टाका. झाला तुमचा प्लेयर! फक्त बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन मुळीच वापरू नका. आणि प्रवास दोन-चार दिवसांचाच असेल, तर रोजचा फोन आणि पॉवर बँक पुरे. वेगळ्या प्लेयरवर पैसे घालू नका.

निघण्याआधी एक दिवस घरीच चाचणी घ्या. जे यंत्र नेणार आहात त्याचं इंटरनेट बंद करा, चार्जर दूर ठेवा आणि दिवसभर त्यावरच गाणी ऐका. जिथे अडेल, तेवढंच दुरुस्त करा किंवा विकत घ्या.