मूलच्या मुलीचा प्रश्न आणि पाद्री हिस्लॉप

गेल्या महिन्यात मूलच्या एका अभ्यासिकेत बसण्याचा योग आला. दहावीतल्या एका मुलीने विचारले, की पुस्तक म्हणते पहिला जीव समुद्रात रासायनिक क्रियेतून तयार झाला, आजी म्हणते देवाने घडवला. मग पेपरात एक आणि घरात एक, हे किती दिवस चालवायचे? प्रश्न बिनतोड होता. त्या मुलीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आहे, हे तिचे भाग्य. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून तो २०२३ मध्ये वगळला गेला.

मला उत्तर देताना डार्विन नव्हे, आपल्याच मुलखात दगड गोळा करीत फिरलेला एक पाद्री आठवला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्या भागात कुणाला ठाऊक नाही? १८८३ मध्ये ते ज्यांच्या नावाने निघाले, त्या स्टीफन हिस्लॉप यांचे काम मात्र फारसे कुणी सांगत नाही.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधील डन्स या गावचा. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले. भोसल्यांचे राज्य अजून होते. १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. त्यांना लोकांना ख्रिस्ती करायचे होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण १८५१ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूरजवळच्या टाकळीकडे फिरताना त्यांना काळ्या दगडाच्या थरांमध्ये दबलेले शिंपले दिसले. तेव्हापासून बायबलइतकाच हातोडाही त्यांच्या सोबत असे.

थरावर थर लाव्हा पसरला, मधल्या काळात तळी झाली, त्यात गोगलगायी जगल्या, झाडे वाढली, मग पुन्हा लाव्हा आला. सीताबर्डीच्या टेकडीने त्यांना हे शिकवले. कामठीजवळ सिलेवाड्याला पानांचे ठसे मिळाले. चांदा जिल्ह्यातील मांगलीच्या दगडातून बेडकाच्या दूरच्या भाऊबंदाची कवटी निघाली. ती लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे ब्रॅकिओप्स असे नामकरण केले. (हेच ओवेन पुढे डार्विनचे कट्टर विरोधक झाले. हाडे ओळखता येणे आणि हाडांचे म्हणणे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.) वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याचीही हाडे हिस्लॉप यांनी मिळवली. ती प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची होती.

आता अडचण पाहा. बायबलच्या वंशावळी मोजून आयर्लंडच्या एका आर्चबिशपने सृष्टीचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवून ठेवला होता. मांगलीचा थर आज सुमारे २५ कोटी वर्षांचा मानला जातो. एवढा आकडा हिस्लॉप यांच्या काळी कुणाकडेच नव्हता. पण सहा हजार वर्षांत हे मावत नाही, हे दगड चाळणाऱ्याला कळत होते. त्यांच्याच फ्री चर्चमधील ह्यू मिलर यांनी सृष्टीनिर्मितीचे सहा दिवस म्हणजे सहा प्रदीर्घ युगे, अशी पळवाट काढली होती. पळवाटच ती. तरीही तिच्यात एक प्रामाणिकपणा होता: ग्रंथासाठी दगड फेकून दिला नाही, दगडासाठी ग्रंथाचा अर्थ बदलला.

आपल्याकडे काय झाले? उत्पत्तीची कथा कधीच निरुपद्रवी नसते. ब्रह्मदेवाच्या मुखातून कोण निघाले आणि पायातून कोण, यावर माणसाची किंमत ठरली. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त त्या कथेची चिरफाड केली, तेव्हा सनातन्यांनी ग्रंथाचा अर्थ बदलला नाही, शिव्या मात्र दिल्या.

हिस्लॉप यांनी गोंडांचीही उत्पत्तीकथा टिपली. फुलातून जन्मलेला लिंगो गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवतो, ती कथा. प्रधानांच्या तोंडून आलेल्या त्या गाण्यात महादेव-पार्वती शिरलेले दिसतात. जंगलातल्या माणसाच्या गोष्टीतही वरचा देव घुसतोच. मिशनरी म्हणून त्यांना ती कथा खोटी वाटली असणार. पण खोटी वाटणारी गोष्टही त्यांनी टाकून न देता लिहून ठेवली, याचे मला मोल वाटते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. परतताना अंधारात पूर आलेल्या नाल्यात घोड्यासह उतरले आणि बुडाले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस होते. त्यांची गोंडांविषयीची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली.

जीव बदलत गेले, हे जीवाश्म सांगतात; पहिला जीव कसा झाला, ते सांगत नाहीत. ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि हाल्डेन यांनी १९२९ मध्ये निर्जीव द्रव्यातून सुरुवात झाल्याचा विचार मांडला. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन बंद काचपात्रात घेऊन त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. अमिनो आम्ले मिळाली, जीव नाही. मधला टप्पा अजून पुरता उलगडलेला नाही. मी त्या मुलीला हेही सांगितले. न सुटलेल्या जागी देव बसवण्याची घाई आजीने करू नये आणि सगळे सुटले असे मास्तरांनी भासवू नये.

शेवटी तिला पिसदुऱ्याच्या डायनासोरांच्या शेणाची गोष्ट सांगितली. त्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म अंश सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी डायनासोरांच्या काळात गवत होते, असे फारसे कुणी मानत नव्हते. मुले खूप हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. मूलहून पिसदुऱ्याला कसे जायचे, एवढेच तिने विचारले. चंद्रपूरहून वरोऱ्याची गाडी धरायची, म्हणालो.