डार्विनने पाळलेलं कासवाचं पिल्लू: पुरावा हाताशी होता, पण दिसलाच नाही!

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनने महाकाय कासवाचं एक पिल्लूही पाळलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे का?

१८०९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला डार्विन डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून केंब्रिजला गेला. १८३१ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी, तो ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला निघाला.

१८३५ मध्ये जहाज गॅलापागोस बेटांवर पोहोचलं. कवचावरून कासव कोणत्या बेटावरचं हे ओळखता येतं, असं तिथले प्रभारी गव्हर्नर निकोलस लॉसन यांनी त्याला सांगितलं. डार्विनने ते फारसं मनावर घेतलं नाही.

पुढच्या प्रवासात मोठी कासवं खलाशांच्या जेवणात संपली आणि कवचं समुद्रात गेली. उरली ती हौसेने पाळलेली काही पिल्लं. त्यांतलं एक डार्विनचं होतं.

इंग्लंडमध्ये ही पिल्लं तपासली, पण फरक दिसेना. कारण कवचाचा वेगळेपणा वाढत्या वयाबरोबर दिसू लागतो आणि ही कासवं प्रौढ व्हायला वीसेक वर्षं लागतात!

शेवटी पक्षी मदतीला आले. वेगवेगळ्या बेटांवरचे मॉकिंगबर्ड वेगळ्या प्रजातींचे असल्याचं १८३७ मध्ये पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी दाखवलं आणि डार्विनच्या विचारांना दिशा मिळाली. १८५९ मध्ये त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ आला. १८८२ मध्ये त्याचं निधन झालं.

आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलेली ‘हॅरिएट’? ती डार्विनचीच, असं सांगितलं जायचं. पण डीएनएनुसार ती सांताक्रूझ बेटावरची ठरली. तिथे डार्विन कधी गेलाच नव्हता!