मीर इमाद हसनी

मीर इमाद हसनी (जन्म : इ.स. १५५४च्या सुमारास, कझवीन. मृत्यू : इ.स. १६१५, इस्फहान) हे इराणच्या सफवी काळातील सुलेखनकार होते. नस्तालीक या फारसी लेखनशैलीचे ते सर्वश्रेष्ठ लेखक मानले जातात.

जीवन

कझवीनच्या सय्यद घराण्यात जन्मलेल्या मीर इमाद यांनी तब्रिझ येथे मुहम्मद हुसेन तब्रिझी यांच्याकडे अध्ययन केले. उस्मानी प्रदेशात प्रवास केल्यानंतर ते फरहाद खान करामानलू या सरदाराच्या पदरी राहिले. त्या सरदाराचा वध झाल्यावर ते कझवीनला परतले आणि पुढे पहिला शाह अब्बास याच्या आश्रयास इस्फहानला गेले. शाही ग्रंथालयाचे प्रमुखपद मात्र अली रझा अब्बासी या प्रतिस्पर्धी सुलेखनकाराकडे होते.

लेखनकला

बोरूची लेखणी, काजळीची शाई आणि घोटून गुळगुळीत केलेला कागद ही त्यांची साधने. (मराठीतील कलम, कागद, दौत हे शब्दही फारसीच्या वाटेनेच आले आहेत.) अखंड ग्रंथापेक्षा सुट्या पानांत त्यांचे कौशल्य अधिक खुलते. चार ओळी तिरप्या लिहिलेल्या अशा पानास चलीपा म्हणतात. अक्षरांभोवती ढगासारखी कडा राखून उरलेला भाग सोन्याने भरीत आणि मोकळ्या त्रिकोणी कोपऱ्यांत वेलबुट्टी काढीत. हे सजावटीचे काम वेगळ्या कारागिराचे असे व पुष्कळदा ते लेखनानंतर फार काळाने होई. म्हणून पानावरची सारी शोभा लेखकाच्या नावावर जमा करणे योग्य नव्हे. एकच अक्षर पुनःपुन्हा गिरवून काळी झालेली त्यांची सरावाची पानेही रसिकांनी जपून ठेवली. ‘आदाबुल मश्क’ हा ग्रंथ काही जण त्यांचा मानीत. तो वस्तुतः बाबा शाह इस्फहानी यांचा आहे.

मृत्यू

शाहची मर्जी कशी उतरली याविषयी एक आख्यायिका आहे. शाहनामा लिहिण्यासाठी शाहने सत्तर तुमान पाठविले. वर्षभराने मीर इमाद यांनी तेवढ्या रकमेचे म्हणून केवळ सत्तर बैत धाडले. शाहने ते परत करताच त्यांनी बैत कापून शिष्यांत वाटले, प्रत्येकाकडून एक तुमान घेतला आणि पूर्ण रक्कम दूताच्या हाती ठेवली. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील मानी स्वभाव समकालीनांना ओळखीचा वाटला असावा. शियापंथी दरबारात त्यांच्यावर सुन्नी मताचा संशयही होता. १६१५ साली इस्फहानमध्ये त्यांची हत्या झाली. मारेकऱ्यांमागे शाहचाच हात होता, असे मानले जाते. भीतीपोटी प्रेतास कोणी हात लावेना. अखेर अबू तुराब या शिष्याने ते उचलले, असे परंपरा सांगते.

त्यानंतर त्यांचे काही आप्त देशोधडीला लागले. भाचा अब्दुल रशीद दैलमी हिंदुस्थानात शाहजहानच्या आश्रयास आला आणि दारा शिकोहचा सुलेखनगुरू झाला. मीर इमाद यांची अनेक पाने सेंट पीटर्सबर्ग येथील प्रसिद्ध मुरक्क्यात, म्हणजे चित्रे व सुलेखने एकत्र बांधलेल्या संग्रहात, आहेत; त्यांभोवतीच्या सोनेरी फुलापानांच्या चौकटी अठराव्या शतकात मुहम्मद हादी व इतर कलावंतांनी रंगविल्या.