अजिंक्यताऱ्यावरची ताराराणी

साताऱ्यात माहेर असलेल्या बाईला अजिंक्यताऱ्याचं कौतुक सांगायला नको. खिडकी उघडली की तो समोर असतोच. पण लहानपणी मी वर जायची ती मंगळाई देवीच्या दर्शनाला. ताराराणींच्या पडक्या वाड्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. परवा आमच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन गेले, तेव्हा त्या भिंतींपाशीच आमच्या शिदोऱ्या सुटल्या आणि मी त्यांची गोष्ट सांगत बसले.

हा किल्ला मूळचा शिलाहारांचा, दुसऱ्या भोजराजाच्या काळचा. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये तो घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या घरी ताराबाई जन्मल्या. पुढे त्या छत्रपती राजाराम महाराजांच्या राणी झाल्या.

डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिने किल्ला झुंजवला. त्यातच मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये किल्लाही गेला आणि त्याचं नाव आझमतारा झालं. ताराबाईंचं वय तेव्हा अवघं पंचवीस, पदरात चार वर्षांचा मुलगा! पण बाई रडत बसल्या नाहीत. मुलाला गादीवर बसवून त्यांनी सात वर्षं राज्य चालवलं. फौजा थेट माळव्या-गुजरातेत धाडल्या, सातारा परत मिळवला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला, पण मराठी राज्य काही त्याच्या हाती लागलं नाही.

पुढचं दुखणं मात्र घरातलंच. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीसाठी भांडण पेटलं. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी कोल्हापूरची गादी उभी केली, तर १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला तिथे बसवलं आणि यांना मुलासकट पन्हाळ्यावर कोंडलं. तो मुलगा १७२६ मध्ये कैदेतच गेला. पुढे ताराबाई साताऱ्याला आल्या, त्याही शाहूंच्या नजरकैदेतच.

शाहूंच्या निधनानंतर त्यांनी पुढे आणलेला नातू रामराजा गादीवर बसला. पेशव्यांना दूर करायला तो तयार होईना. तेव्हा १७५० च्या चंपाषष्ठीला त्याला वर बोलावून पंचाहत्तरीच्या आजीने याच किल्ल्यावर कैद केलं! दोन वर्षांनी जेजुरीला शपथेवर सांगितलं, की हा माझा नातूच नव्हे. १७६१ मध्ये, पानिपतच्या वर्षीच, त्या वारल्या. तोवर रामराजा सुटला नाही.

गोष्ट संपल्यावर सगळ्या गप्पच झाल्या. मग एकीने हळूच विचारलं, की ताई, मग बाई चांगली म्हणायची की वाईट? मला पटकन उत्तर देता आलं नाही. औरंगजेबाला पुरून उरलेली ही बाई, कैद काय असते ते तिने स्वतः भोगलेलं. तरी किल्ल्या हातात आल्यावर तिनेही कुलूपच लावलं. गटातल्या घरांमधून फिरताना असं मी पुष्कळदा पाहते, सुनेच्या वयात सोसलेली बाई सासू झाली की तेच करते.

मैत्रिणींनो, ताराराणींचं शौर्य मुलींना जरूर सांगा. पण ती चंपाषष्ठीही वगळू नका.