तोफ फसली, पण त्याच ठिणगीतून खताचा कारखाना उभा राहिला

रात्रीच्या अंधारात शेतातली मोटर बंद करताना स्टार्टरमध्ये जी ठिणगी उडते, ती बघितलीय का? शिरूरला घोडच्या काठावर असो नाहीतर दौंडला भीमेच्या काठावर, रात्रीच्या लाइटवर पाणी देणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखीची असते. या ठिणगीनंच स्टार्टरचे पॉइंट काळे पडतात आणि मग ते पॉलिश पेपरनं घासत बसावं लागतं.

आता ही ठिणगी आणि ड्रिपमधून सोडतात ते कॅल्शियम नायट्रेट, यांचा एकमेकांशी काय संबंध? तर संबंध आहे आणि त्या संबंधाचं नाव आहे क्रिस्टियान बिर्कलंड.

बिर्कलंडचा जन्म 13 डिसेंबर 1867 चा, नॉर्वेच्या राजधानीतला. आज तिला ऑस्लो म्हणतात. गडी इतका हुशार की तिशी ओलांडताच विद्यापीठात प्रोफेसर झाला. त्याला वेड होतं ते उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या हिरव्या-तांबड्या प्रकाशाचं, म्हणजे ऑरोराचं. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांकडं वळतात आणि त्यातून हा प्रकाश तयार होतो, असं त्याचं म्हणणं. ते सिद्ध करायला तो बर्फाळ डोंगरांवर मोहिमा काढायचा. प्रयोगशाळेत त्यानं काचेच्या पेटीत छोटी चुंबकीय पृथ्वीसुद्धा तयार केली होती.

पण मोहिमांना पैसा लागतो. तो आणायचा कुठून?

बिर्कलंडनं डोकं लावलं आणि विजेवर चालणारी तोफ बनवली. 1901 मध्ये पेटंट घेतलं, गुंतवणूकदार गोळा केले आणि कंपनी काढली.

या तोफेत दारू नसते. तांब्याच्या तारेच्या कॉइल एकामागोमाग एक लावलेल्या असतात. कॉइलमध्ये करंट सोडला की ती चुंबक बनते आणि लोखंडी गोळा आत खेचते. गोळा कॉइलच्या मध्यावर पोचला की करंट बंद व्हायला हवा. नाहीतर तीच कॉइल गोळ्याला मागं ओढायला लागते.

म्हणजे खरा प्रश्न करंट चालू करण्याचा नाहीये, तो वेळेवर बंद करण्याचा आहे. कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. तोडायला गेलं की व्होल्टेज उसळी मारतं आणि ठिणगी पडते. मोटरच्या स्टार्टरमध्ये होतं तेच, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणात.

आज इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी हीच तोफ टेबलावर मावेल एवढी बनवतात. त्यांच्यापुढं पहिला प्रश्न असतो, स्विच कुठला घ्यायचा?

साधा रिले घेतला तर एवढ्या करंटला त्याचे पॉइंट चिकटून बसतात. 1957 मध्ये अमेरिकेत आलेला एससीआर स्वस्त आणि दणकट असतो, एका झटक्यात प्रचंड करंट सोसतो. पण एकदा चालू झाला की करंट जवळपास शून्यावर येईपर्यंत बंद होत नाही. तोवर गोळा मध्य ओलांडून गेलेला असतो. मॉसफेट झटपट चालू-बंद होतो, पण त्याची खरी मजा कमी व्होल्टेजला. व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोठे असले आणि हवं तेव्हा बंदही करायचं असलं, तर आयजीबीटी बरा पडतो. दौंड जंक्शनवरून धावणाऱ्या नव्या थ्री-फेज इलेक्ट्रिक इंजिनांतही हाच असतो. पण कुठलाही घ्या, कॉइलमध्ये उरलेल्या करंटला परतीची वाट द्यायला डायोड लागतोच. तो विसरला की स्विच जळालाच म्हणून समजा.

आणि हो, 450 व्होल्टला चार्ज केलेल्या 1000 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 100 ज्यूल ऊर्जा साठते. सप्लाय काढला तरी ती तशीच राहते आणि जीव घेऊ शकते. त्यामुळं जाणत्या माणसाशिवाय या वाटेला जाऊ नये.

बिर्कलंडकडं यातलं काहीच नव्हतं. 1903 च्या सुरुवातीला विद्यापीठाच्या सभागृहात त्यानं मोठ्या पाहुण्यांसमोर तोफेचं प्रात्यक्षिक ठेवलं. कॉइल शॉर्ट झाली. आवाज, ज्वाळा, धूर, सगळीकडं पळापळ. तोफ विकायचं स्वप्न तिथंच संपलं.

पण त्याच सुमारास एका जेवणाच्या कार्यक्रमात त्याची गाठ सॅम आयडे या इंजिनिअरशी पडली. आयडेला हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायचं होतं. त्यासाठी हवी होती जमिनीवर आणलेली कडाडती वीज. बिर्कलंडच्या तोफेनं नेमकी तीच तर पाडून दाखवली होती!

मग बिर्कलंडनं विजेचा आर्क चुंबकाच्या जोरावर थाळीसारखा पसरवला आणि त्यातून हवा सोडली. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले, त्यातून नायट्रिक ॲसिड झालं. त्यात चुनखडी मिसळली की कॅल्शियम नायट्रेट तयार. 2 डिसेंबर 1905 ला नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली. पुढं हेबर-बॉश पद्धत कमी विजेत काम करायला लागली आणि आर्कच्या भट्ट्या बंद पडल्या. कॅल्शियम नायट्रेट मात्र आजही आपल्या शेतात आहे.

बिर्कलंड पैसा घेऊन पुन्हा ऑरोराकडं वळला. झोप न येण्याचा त्रास, झोपेची औषधं, दारू यांनी तो खचत गेला. 15 जून 1917 रोजी टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय फक्त 49.

त्याचा ऑरोराचा सिद्धांत अनेकांनी उडवून लावला होता. 1960 च्या दशकात उपग्रह वर गेले आणि त्यानं सांगितलेले विद्युतप्रवाह खरोखर सापडले. आज त्यांना बिर्कलंड करंट म्हणतात. पुढं नॉर्वेनं 200 क्रोनरच्या नोटेवर त्याचं चित्रही छापलं.

तोफ बनवताना बिर्कलंडला जी ठिणगी नको होती, तिच्यावरच कारखाना उभा राहिला. पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये ती नको असेल, तर स्विच निवडताना तो चालू कसा होतो यापेक्षा बंद कसा होतो, ते आधी बघा.