भिसोटाइपचे जनक कै. शंकर आबाजी भिसे

आडनाव वडिलांकडून सर्वांसच मिळते. ते एखाद्या यंत्रास देण्याचा मान मात्र विरळाच कोणास लाभतो. ‘भिसोटाइप’ यंत्राचे जनक कै. शंकर आबाजी भिसे हे त्या विरळांपैकी होत.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. शास्त्रीय ज्ञान मायबोलीत यावे म्हणून त्यांनी ‘विविध कलाप्रकाश’ हे मासिक चालविले. साखर, पीठ आदी जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यास लंडनच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि ते विलायतेस गेले. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले. छापखान्याचे खिळे अतिशय वेगाने ओतणारे यंत्र त्यांनी सिद्ध केले. सर रतन टाटांनी भांडवल पुरविले. परंतु पुढे तो आधार तुटला आणि भिसे अमेरिकेस गेले. तेथेही त्यांनी उमेद सोडली नाही. खिळे ओतण्याच्या यंत्रांत सुधारणा केल्या, ‘ॲटोमिडिन’ हे आयोडिनयुक्त औषध शोधले. त्यांच्या नावावर सुमारे ४० पेटंटे सांगितली जातात. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले.

भिसे यांस बुद्धी उणी नव्हती. उणे पडले ते भांडवल. सिंदी (रेल्वे) येथे अध्यापन करिताना, मोडके घड्याळ उघडून पाहणाऱ्या मुलांना घरी मार बसलेला आम्ही पाहिला आहे. ज्ञातिबांधवांनी अशा मुलाच्या हाती मार न देता हत्यारे द्यावीत आणि मंडळाच्या शिक्षण-साहाय्यात त्याचाही वाटा ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.