वासुदेव विष्णू मिराशी

महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी (१३ मार्च, इ.स. १८९३:कुवळे, रत्नागिरी जिल्हा – ३ एप्रिल, इ.स. १९८५:नागपूर) हे संस्कृतचे प्राध्यापक, पुराभिलेखविद व नाणकशास्त्रज्ञ होते. जन्माने कोकणातले असले तरी त्यांचे आयुष्य विदर्भात गेले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवता शिकवता ते ताम्रपटांकडे वळले आणि वाकाटकांचा विस्कळीत इतिहास सुसंगत करण्यात त्यांनी अनेक वर्षे घालवली.

एकमुखी सुवर्णनाणी

बस्तरमधील एडेंगा येथे सापडलेल्या ३२ सुवर्णनाण्यांवरील मिराशींचा लेख १९३९ मध्ये भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात आला. ही नाणी पत्र्यासारखी पातळ असून मागून ठसा दाबून घडवलेली आहेत. त्यामुळे पुढे आकृती उठून दिसते, तर मागे तिचाच उलटा खळगा राहतो. मध्ययुगीन जर्मन शहरांनी पाडलेली पातळ चांदीची नाणी अशीच एकमुखी होती. मात्र बस्तरची नाणी सोन्याची आणि त्यांच्याहून कित्येक शतके जुनी. त्यांवर बसलेला नंदी, चंद्रकोर व खाली पेटिकाशीर्षक लिपीत राजाचे नाव एवढाच मजकूर. शक नाही, वंश नाही, टांकसाळीचे गावही नाही.

तरीही तेवढ्यावरून वराहराज, भवदत्त व अर्थपती हे तिघे नलवंशी राजे असल्याचे मिराशींनी दाखवले. रिद्धपूरचा ताम्रपट त्यांना येथे उपयोगी पडला. त्यात भवदत्त व अर्थपती ही नावे आहेत आणि तो नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, दिलेला आहे. नंदिवर्धन ही तर वाकाटकांची राजधानी! ती काही काळ नलांच्या हाती गेली होती, असा याचा अर्थ होतो. दुसऱ्या पृथिवीषेणाच्या लेखात दोनदा बुडालेल्या वंशाचा उद्धार केल्याचे सांगितले आहे, त्याचाही उलगडा या आक्रमणामुळे होतो. वराहराजाचे नाव इतरत्र आढळले नव्हते. अक्षरांच्या वळणावरून मिराशींनी त्याला भवदत्ताच्या आधीचा ठरवले. अशा निष्कर्षाला लिपीचा आधार असला तरी तो अनुमानच असतो, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची नाणीही याच घडणीची आहेत.

अन्य कार्य

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील भगदत्त राजाचा शिलालेख मिराशींनी संपादित केला. आसगाव परिसरातील विद्यार्थ्यांना तो घराजवळचाच म्हणता येईल. भारतीय कोरीव लेखांच्या बृहत्संग्रहाचे कलचुरी (१९५५), वाकाटक (१९६३) व शिलाहार (१९७७) हे खंड त्यांचे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत त्यांनी हिरिरीने मांडले. १९४१ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी व १९७५ मध्ये पद्मभूषण मिळाले. सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांवरील त्यांचा मराठी ग्रंथ १९७९ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी प्रसिद्ध झाला.